तात्यांच्या ओठांवरचं पाणी

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, पण शंका घेत घेत वाचते. कुणाला ओढ्यावर बाई दिसते, कुणाला चिंचेखाली हाक ऐकू येते... वाचून झालं की मी मनातल्या मनात विचारते – ताप होता का? झोप झाली होती का? पोटात काही होतं का? नर्सची सवय, दुसरं काय! त्यामुळे कधी काळी मीच इथं काही लिहायला बसेन, असं मला वाटलं नव्हतं.

आमच्या घरात देव नव्हते. आम्ही बौद्ध. धर्मांतरानंतर वडिलांनी देवळीतले देवांचे टाक नदीत सोडले आणि त्या जागी कंदील ठेवला. आम्ही भावंडं त्या उजेडात अभ्यास करायचो. दादा – वडिलांना आम्ही दादा म्हणायचो – दुसऱ्याच्या शेतात सालगडी होते, अक्षरओळख नव्हती, पण त्यांचा एक नियम पक्का होता. आधी बघायचं, मग तपासायचं, मग मानायचं. मी कळंबला वसतिगृहात राहून शाळा शिकले, सरकारी शिष्यवृत्तीवर सोलापूरला नर्सिंग केलं आणि नोकरी लागल्यावर बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. झाले. घरातली पहिली पदवी माझी. हे मोठेपणासाठी सांगत नाही. ज्या शिक्षकांनी, ज्या मेट्रनबाईंनी मला उभं केलं त्यांचे उपकार फिटणारे नाहीत, आणि त्यांच्यापैकी एकानंही मला भुताखेतांवर विश्वास ठेवायला शिकवलं नव्हतं. एवढंच सांगायचं आहे.

आणि जे लिहिते आहे ते भर दुपारी, उघड्या दाराच्या खोलीत, माझ्यासमोर आणि आणखी एका बाईसमोर घडलं. ती बाई माझ्या बाजूची नव्हती. उलट माझी चोरी पकडायला बसली होती.

साल १९८६, उन्हाळा. मी येरमाळ्याजवळच्या एका आरोग्य केंद्रात होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तात्यांची नातवंडं तिथं राहतात. येरमाळ्याहून कळंबकडे जाताना डाव्या हाताला फाटा फुटतो, तिथून आत माळावर ते गाव. पाऊस आदल्या साली रुसला होता. विहिरींचे तळ उघडे पडले होते, जनावरं छावणीला गेली होती आणि पिण्याचं पाणी टँकरनं यायचं.

त्या काळी आमचं काम म्हणजे बाळंतपणं, लशी, मलेरियाच्या गोळ्या आणि कुटुंबनियोजनाच्या केसेस. साहेब लोक जिल्ह्याहून आले की फक्त केसेस विचारायचे. मी गावात शिरले की दोन-तीन लेकरांच्या बाया मागच्या दारानं पसार व्हायच्या. "आली बाई आपरेशनवाली!" पोरीबाळी ओरडत पुढं पळायच्या.

पण आणखी एक प्रकारचे पेशंट असायचे, ज्यांची कुणालाच केस लागत नव्हती. सोलापूरहून परत पाठवलेले. 'आता घरी न्या, सेवा करा' असं सांगून ज्यांच्या हातात कागद दिलेला असायचा ते. घरी नेऊन करायची कशी, हे त्या कागदावर नसायचं. माणूस खाटेवर कण्हत पडायचा, पाठीला जखमा व्हायच्या आणि घरातले हतबल होऊन बघत राहायचे. आमचे डॉक्टर सर तरुण होते, मनानं फार चांगले. त्यांच्याकडे मोठा परिसर होता आणि जीप निम्म्या वेळा बंद. एकदा अशाच एका पेशंटकडून परतताना ते म्हणाले, "सिस्टर, इथं मी महिन्यातून एकदा येणार. तुम्ही आठवड्यातून तीनदा येऊ शकता. मग ठरवायचं कुणी – मी की तुम्ही?"

मी म्हटलं, "सर, इंजेक्शन कधी द्यायचं ते डॉक्टर ठरवतात."

"डॉक्टर तिथं असला तर! दुखणं तुम्ही बघणार, तुम्हीच ठरवा. जबाबदारी माझी."

त्यांनी मला शिकवलं. नाकातून पोटात नळी कशी घालायची, लघवीची नळी कशी बदलायची, जखमेचा वास कसा कमी करायचा, वेदना किती आहे हे न बोलणाऱ्याच्या कपाळावरून कसं ओळखायचं. आज हेच काम नर्सना रीतसर शिकवतात, त्याला नाव आहे, जिल्ह्याच्या दवाखान्यात वेगळी खोली आहे. तेव्हा नाव नव्हतं. ते काम माझ्या कामात बसतं की नाही, हेसुद्धा कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

तात्या हे त्यातले एक. गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. घरोघर फिरून, लोकांच्या शिव्या खाऊन त्यांनी ती सोसायटी उभी केली होती. बोलका माणूस. आणि कॅन्सर झाला तो नेमका घशात. सोलापूरला मशीनखाली शेक, म्हणजे रेडिएशन, दिले, त्यानं गाठ थोडी बसली, पण लाळ पार आटली आणि आवाज गेला. काही महिन्यांत गाठ पुन्हा वाढली. मग कागद देऊन घरी.

त्यांच्या घरी मी सोसायटीच्या दुधाच्या टेम्पोनं जायचे. टेम्पोवाले शब्बीरभाई मला पुढच्या सीटवर बसवून म्हणायचे, "सिस्टर, दूध तो कम हो गया, अब तुम्हीच हमारा माल!" रिकामे कॅन मागं खडखडत असायचे.

घरात तात्यांची बायको, गाव त्यांना काकी म्हणायचं. सून सुभद्रा आणि तिची लहान मुलगी. मुलगा भानुदास जनावरं घेऊन छावणीत, दोन-चार दिवसांनी चक्कर मारायचा. पहिल्या दिवशी काकी मला बघून म्हणाल्या, "आमच्या घरी कुणाचं आपरेशन ऱ्हायलंय आता? म्हातारीचं करता का?"

"तात्यांसाठी आले, काकी."

"त्यांचं काय करणार? सोलापूरच्या दवाखान्यानं हात टेकले."

"बरं नाही करू शकत. पण दुखणं कमी करू शकते."

काकींनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. मग बाजूला सरकल्या.

पेथिडिनचं इंजेक्शन दिल्यावर तात्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली. ते झोपले. काकी उशाशी बसून नुसत्या बघत राहिल्या. त्या दिवसापासून मला त्या घरात जाता येऊ लागलं. मी नळी घातली, सुभद्राला नळीतून दूध आणि पातळ पेज कशी सोडायची ते शिकवलं. कूस बदलायची, पाठ पुसायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. सुभद्रा हुशार होती, एकदा दाखवलं की पुरे.

अडलं ते एकाच ठिकाणी. तोंडापाशी.

असा पेशंट तोंड उघडं टाकून श्वास घेतो. लाळ नाही, गिळता येत नाही. जीभ चामड्यासारखी वाळते, टाळूला चिकटते, ओठ फुटून रक्त येतं. पोटात नळीनं कितीही पाणी घाला, तोंडाची तहान तशीच राहते. त्याला उपाय साधा. उकळून गार केलेल्या पाण्यात गॉजचं जाळीदार कापड भिजवायचं, पिळायचं, बोटाला गुंडाळायचं आणि ओठ, हिरड्या, जीभ हलक्या हातानं ओली करायची. थोड्या थोड्या वेळानं. पाणी मात्र ओतायचं नाही, ते श्वासनळीत गेलं तर माणूस गुदमरतो.

मी गॉज भिजवलं आणि तात्यांच्या ओठांपाशी नेलं, तोच काकी ओरडल्या.

"आवं, काय करता ह्ये! जित्या माणसाच्या तोंडात बोळ्यानं पानी घालता? आसं कवा घालत्यात मालूम हाय ना तुमाला?"

माझ्या तेव्हा लक्षात आलं. आमच्याकडं माणूस जायला लागला की त्याच्या तोंडात थेंब थेंब पाणी सोडतात. शेवटचं पाणी. लेकानं घालायचं, मग बायकोनं, मग एकेकानं. काकींना माझं गॉज त्या शेवटच्या पाण्यासारखं दिसलं. ते एकदा जिभेवर पडलं की तात्यांना 'जा' म्हटल्यासारखं होईल, अशी त्यांची खात्री होती.

"काकी, हे ते पाणी नाही. ही नुसती स्वच्छता आहे."

"न्हाय. नळीतनं जातं ते औषध हाय. जिभेवर पडतं ते पानी. ते न्हाय घालायचं. कुनीच न्हाय घालायचं." थोडं थांबून त्या पुटपुटल्या, "त्यात आनि तुमच्या हातचं..."

सुभद्रानं मान खाली घातली. मी ऐकून घेतलं. असं ऐकायची मला सवय होती, आणि तात्यांची इंजेक्शनं त्या घरात मला येऊ देण्यावर अवलंबून होती. वाद घालून मी आत्मसन्मान राखला असता, पण त्यांच्या दुखण्याचं काय? गॉज डब्यात ठेवलं.

पण तात्यांची नजर मला घरी आल्यावरही सोडायची नाही. ते कोपऱ्यातल्या माठाकडं बघायचे. मग माझ्याकडं. मग पुन्हा माठाकडं. कुणी भांडं हलवलं की त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली व्हायची. मी काकींना समजावलं, भानुदासलाही सांगून पाहिलं. तो म्हणाला, "सिस्टर, तुमी म्हंता ते पटतंय. पर आईच्या शब्दाबाहेर जाऊन म्या बोळा लावला आनि उद्या काय झालं, तर ती मला जन्मभर बोलंल."

नंतर एका सकाळी मी टॉर्च लावून तात्यांचं तोंड तपासलं – बघायला मला मनाई नव्हती – आणि चकित झाले. जीभ ओली होती. नुसती दमट नाही, ओली. ओठांवरच्या भेगा मऊ पडलेल्या. हिरड्या स्वच्छ. एखाद्या चांगल्या वॉर्डमध्ये, चांगल्या नर्सनं नुकतीच तोंडाची निगा राखावी तशा.

मला फार आनंद झाला. वाटलं, सुभद्रानं सासूची नजर चुकवून केलं! जाताना गोठ्यापाशी तिला गाठलं. "शाबास गं. पण पाणी उकळून घेतेस ना?"

"कसलं पानी, सिस्टर?"

"तात्यांच्या तोंडाला लावतेस ते."

ती घाबरली. "म्या न्हाय लावलं. आत्याबाई उशापासनं हलत्यात तरी का? माज्या लेकीची शपत."

मी म्हटलं, बरं, नसेल सांगायचं तर नको सांगू. पण पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. आणि आता मला एका गोष्टीची धास्ती वाटायला लागली. ते गॉज फिरवल्यासारखं ओलं नव्हतं. जिभेच्या मागं, खोलवर, पाणी साचलेलं दिसायचं. कुणी वाटीनं पाणी ओतत असेल तर एक दिवस तात्या ठसका लागून तडफडून जातील. मी छातीला स्टेथोस्कोप लावून बघायचे. फुप्फुसं साफ होती. ठसका नाही, घरघर नाही. गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी, आणि ते कुठंही चुकीच्या वाटेला गेलेलं नाही!

आणि मग ते झालंच. मी नळीतून दूध सोडत होते, काकी मागच्या परसात गेल्या होत्या. परत आल्या आणि त्यांनी पदरानं तात्यांचं तोंड पुसायला हात पुढं केला. हात तसाच राहिला. तात्यांच्या हनुवटीवरून पाण्याचा ओघळ उशीवर उतरत होता.

"नरसबाई..." त्यांचा आवाज एकदम खाली गेला होता. "तुमाला म्या सांगितलं हुतं."

"काकी, मी हात लावला नाही."

"मग कुनी लावला? भिताडानं? उद्यापासनं येऊ नका तुमी."

सुभद्रा चुलीपासून धावत आली. "आत्याबाई, मग सुई कोन देनार मामंजींना? रात-रात वरडत हुते ते इसरलाव का?"

काकी थांबल्या. त्या नवऱ्याकडं बघत होत्या. त्यांना मी नको होते आणि माझी सुई हवी होती, आणि या दोन्हींत त्या बाईचा जीव किती पिळवटत होता ते मला दिसत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "या. पर म्या समोर बसनार. आनि पुन्यांदा आसलं दिसलं तर मग सुई बी नको नि तुमी बी नको."

मी जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "लाळ असेल, सिस्टर. गिळता येत नाही म्हणून तोंडात साठत असेल."

"सर, शेकानंतर त्यांची लाळ आटली आहे. तुम्हीच लिहिलं होतं. आणि लाळ चिकट असते. हे पाणी आहे."

"कधी कधी ग्रंथी परत थोडं काम करायला लागतात." मग पेन बंद करत ते म्हणाले, "सुनेची दया असेल. कबूल कशी करणार ती? तुम्ही ते सोडा. इंजेक्शन थांबता कामा नये, एवढं सांभाळा."

पुढच्या खेपेला मी पोचले तशी आधी टॉर्च काढली. तोंड पाहिलं, कोरडं होतं. कोरडं! मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच त्या फुटलेल्या ओठांकडं बघून स्वतःचीच लाज वाटली.

इंजेक्शन दिलं, पाठ पुसली, नळीतून पेज सोडली. दुपार झाली. पाटलाच्या वाड्यापलीकडून टँकरचा हॉर्न वाजला आणि गल्लीत एकच पळापळ. सुभद्रा घागरी घेऊन, लेकीला काखेत मारून धावली. घरात तात्या, काकी आणि मी.

काकी म्हणाल्या, "हिकडं बसा. पायथ्याशी. हात मांडीवर ठिवा, दिसतील आसे."

मी बसले. शाळेत बाई बसवायच्या तशी, दोन्ही पंजे उताणे मांडीवर ठेवून. काकी खाटेच्या मधोमध, भिंतीला टेकून. दार सताड उघडं होतं, ऊन उंबऱ्याच्या आत हातभर आलेलं. तात्यांच्या उशाच्या बाजूला नुसती भिंत. मधे माणूस उभा राहील एवढी जागा होती आणि तिथं कुणी नव्हतं. हे मी पुन्हा पुन्हा लिहीन – तिथं कुणी नव्हतं.

तात्या डोळे मिटून पडले होते. त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं आता माठाकडं बघतील. पण त्यांनी मान उशाकडं वळवली, जरा वर – बाजूला उभ्या माणसाकडं खाटेवरचा माणूस बघतो तशी. ओठ उघडले. आणि ते ओठ माझ्या डोळ्यांदेखत ओले झाले.

थेंब वरून पडताना मी पाहिले नाहीत. खोटं लिहिणार नाही. फक्त ओठ चमकले, मग जीभ चमकली. मग त्यांनी गिळलं. ज्या घशातून महिनाभर थेंब उतरला नव्हता त्या घशाची घाटी वर गेली आणि खाली आली. पुन्हा वर गेली. ठसका नाही, धाप नाही. तहानलेला माणूस ओंजळीनं पितो तसे ते सावकाश पीत होते. तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळ निघाला, गालावरून कानामागं गेला, उशीवर डाग पसरला.

मग त्यांनी उजवा हात उचलला. तो हात कित्येक दिवसांत त्यांनी आपणहून उचलला नव्हता. पंजा उभा करून, वाढणाऱ्याला आपण करतो तसा, त्यांनी हलकेच हलवला... पुरे. बस.

आणि डोळे मिटले.

बाहेर टँकरपाशी बायांची भांडणं ऐकू येत होती. माझे पंजे मांडीवर तसेच उताणे होते. काकी उठल्या. त्यांनी उशीवरच्या डागावर बोटं ठेवली, ती बोटं नाकाशी नेली, मग जिभेला लावली.

"टँकरचं न्हाय," त्या म्हणाल्या. टँकरच्या पाण्याला पावडरचा वास यायचा, चव मचूळ असायची. "तुमी बगितलं?"

"व्हय, काकी." माझ्या तोंडून आपोआप घरची बोली आली.

"तुमचे हात तितंच हुते."

"व्हय."

त्या खाली बसल्या. रडतील असं वाटलं, पण रडल्या नाहीत. पदर तोंडावर घेतला. मग पदर बाजूला केला आणि म्हणाल्या, "तहानलेल्याला कुनीतरी पाजतंय. आनि म्या बायकू आसून राखन करत बसलेय, कुनी पाजू नये म्हनून."

मी मांडीवरचे हात उचलले आणि गॉजचा डबा पुढं ओढला.

"कसं करत्यात ते?" त्यांनी विचारलं. "शिकवा मला."

काकींनी परसात जाऊन हात धुतले. त्या दिवसांत त्या घरात हातांवर एवढं पाणी कुणी ओतत नव्हतं. मी उकळून गार केलेलं पाणी वाटीत घेतलं, गॉज भिजवून पिळून दाखवलं. मान एका बाजूला कशी वळवायची, आधी ओठ, मग हिरड्या, मग जीभ. त्यांचं बोट ओठांपाशी येऊन पुन्हा पुन्हा मागं फिरत होतं. मी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी हात मागं घेतला नाही. आमच्या दोघींच्या हातानं ते गॉज तात्यांच्या जिभेवरून फिरलं. तात्यांनी डोळे उघडून बायकोकडं पाहिलं, आणि त्यांच्या कोरड्या पडलेल्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"लई वाळलं हुतं की ओ तुमचं तोंड," काकी त्यांना म्हणाल्या.

त्यानंतर तात्यांचं तोंड आपोआप ओलं झालेलं कुणालाही दिसलं नाही. मी प्रत्येक खेपेला टॉर्च लावून बघत होते. काकींच्या हातून उशीर झाला की ते कोरडं पडायचं, त्यांनी गॉज फिरवलं की ओलं व्हायचं. शरीराच्या नियमाप्रमाणं. पुस्तकात लिहिल्याप्रमाणं.

उन्हाळा सरायच्या आत तात्या गेले. सकाळची वेळ होती. भानुदास आदल्या दिवशीच छावणीतून आला होता. मी पोचले तेव्हा श्वास अंतर ठेवून येत होता, कपाळावर आठी नव्हती. भानुदासनं पाणी घातलं, काकींनी घातलं, मग भावकीतली माणसं एकेक करून पुढं आली. मला कुणी बोलावलं नाही, मी अंगणात उभी होते. वाईट वाटलं नाही. आत शेवटच्या घटका मोजणाऱ्या त्या माणसाची जीभ गुलाबी होती, ओली होती, आणि त्याला दुखत नव्हतं. माझं काम तेवढंच होतं.

गोष्ट इथं संपली असती तर कदाचित मी लिहिलीही नसती.

पुढच्या वर्षी त्याच गावात आमच्या समाजाच्या वस्तीत सरूबाई नावाच्या म्हातारीला लकवा झाला. तिलाही सोलापूरहून परत पाठवलं. मी तिच्याकडं जायला लागले. एके दिवशी टेम्पो वाटेत पंक्चर झाला, मला फार उशीर झाला. वस्तीत शिरले तर सरूबाईच्या दारात माणसं गोळा होऊन उभी. कुणी आत जाईना. मला वाटलं, गेली म्हातारी.

आत पाहिलं तर काकी बसलेल्या. त्या वस्तीत त्यांनी जन्मात पाय ठेवला नव्हता. सरूबाईचं डोकं मांडीवर, हातात वाटी, बोटाला गॉज गुंडाळलेलं. सरूबाईची लेक कोपऱ्यात अंग चोरून उभी, या बाईंना बसायला काय द्यावं ते तिला सुचलं नव्हतं.

मला बघून काकी वैतागल्या. "आवं, कवा येनार तुमी? तुमचा टेम्पो रोजच मरतोय व्हय? तोंड पार वाळलं हुतं हिचं!"

मी म्हटलं, "काकी, गॉज बरोबर पिळलंय ना?"

"तुमीच शिकवलंय. आता परीक्षा घ्या!"

दारातली माणसं हसली. मग हळूहळू आत आली.

त्या दिवशी परत जाताना मी काकींना ओढ्यापर्यंत सोबत केली. तात्यांबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. मी विचारलं, "काकी, त्या दुपारी ते काय होतं?" डॉक्टरांना मी नंतर सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले होते, गिळण्याची हालचाल मेंदूकडून होते, उरलेली लाळ, आणि तुम्ही दोघीही ताणाखाली होता. त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण ज्या जिभेनं ते पाणी चाखलं होतं ती माझी नव्हती, काकींची होती. म्हणून विचारलं.

काकी चालता चालता थांबल्या. ओढा कोरडाच होता.

"मला काय ठावं, बाई," त्या म्हणाल्या. "त्यांना तहान लागली हुती. तेवढं खरं हुतं."

मी आता निवृत्त आहे. मधूनमधून नव्या नर्सना तोंडाची निगा कशी राखायची ते दाखवायला बोलावतात, तेव्हा जाते. हा अनुभव मी त्यांना सांगत नाही, विज्ञानाच्या वर्गात तो सांगण्यासारखा नाही. दादांच्या नियमाप्रमाणं मी तो पाहिला, पुष्कळ तपासला, आणि मानायचं काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कुणी विचारलंच तर काकींनी दिलेल्या उत्तरापलीकडं माझ्यापाशीही काही नाही.